देवाची जमीन आणि कॉव्हेंट्रीचे मैदान

ऑगस्ट २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री सिटी या फुटबॉल क्लबने, ज्या स्टेडियमवर तो २००५ पासून भाडेकरू म्हणून खेळत आला ते विकत घेतले. तिकडे स्थायिक झालेला माझा भाचा "मावशी, वीस वर्षांनी स्वतःच्या घरात आलो" म्हणून हरखला आहे. त्याच्या आनंदावर विरजण घालायची हौस मला नाही. पण इथे मनातले लिहायचे असाच शिरस्ता आहे, आणि तोही हे वाचेलच, म्हणून स्पष्ट लिहिते. ज्याला तो घर म्हणतो आहे ते उद्या पुन्हा विकले जाऊ शकते. आजवर जे जे झाले ते नेमके याच एका कारणाने झाले.

आधी इतिहास. (शिक्षिकेची खोड, जायची नाही!) क्लबचे जुने मैदान हायफिल्ड रोड. १८९९ पासून क्लब तिथे खेळत होता. चहूबाजूंनी घरे आणि मधोमध मैदान. सगळ्या प्रेक्षकांना बसायला खुर्ची देणारे इंग्लंडमधले पहिले फुटबॉल मैदान ते हेच, १९८१ साली. १९६७ ते २००१ अशी ३४ वर्षे क्लब पहिल्या श्रेणीत होता, १९८७ साली त्याने एफए कपही जिंकला. म्हणजे दरिद्री किंवा नावापुरता क्लब नव्हे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस संचालकांना मोठ्या, चकचकीत स्टेडियमचे स्वप्न पडले. त्यासाठी हायफिल्ड रोड बिल्डरला विकले आणि जे मैदान काल आपले होते तिथेच भाडे भरून खेळू लागले! २००१ मध्ये क्लब पहिल्या श्रेणीतून घसरला, पैसा आटला. नवी जागा जुन्या गॅस कारखान्याची, माती दूषित. मग महापालिका पुढे सरसावली. शेजारची जमीन टेस्कोच्या भल्यामोठ्या दुकानाला देऊन पैसा उभा केला, कर्ज काढले आणि ११ कोटी पौंडांच्या वर खर्चून स्टेडियम उभे राहिले. ते चालवायला एक कंपनी काढली. निम्मी महापालिकेची, निम्मी क्लबची. पण क्लबला रोजचा खर्च भागेना, म्हणून त्याने आपला निम्मा वाटाही २००३ मध्ये शहरातल्या हिग्ज धर्मादाय संस्थेला सुमारे ६५ लाख पौंडांना विकून टाकला. ऑगस्ट २००५ मध्ये पहिला सामना झाला तेव्हा क्लबकडे ना जुने मैदान होते, ना नव्यातली एक वीट.

पुढचे सगळे रामायण त्यातून आले. वर्षाला १२ लाख पौंडांच्या वर भाडे. सामन्याला येणारा माणूस चहा पितो, पाव खातो, गाडी लावतो, त्या पैशाचा मोठा भाग दुसऱ्याच्या गल्ल्यात. डिसेंबर २००७ मध्ये क्लब सिसू नावाच्या गुंतवणूक फंडाने घेतला. २०१२ मध्ये त्यांनी भाडे देणेच थांबवले. २०१३ मध्ये क्लबची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, गुण कापले गेले आणि तो पुरा हंगाम क्लब पन्नासहून अधिक किलोमीटर दूर, नॉर्थम्प्टनला खेळला. बत्तीस हजार खुर्च्यांचे स्टेडियम गावात रिकामे, आणि परगावी दोन-अडीच हजार माणसे! कित्येक समर्थकांनी निषेध म्हणून तिकीटच काढले नाही. मैदानाबाहेरच्या टेकडीवर उभे राहून ते सामना पाहत. क्लबच्या जुन्या नामांकित व्यवस्थापकाचे नाव जिमी हिल, म्हणून त्या टेकडीला त्यांनी 'जिमीची टेकडी' म्हणायला सुरुवात केली.

सप्टेंबर २०१४ मध्ये क्लब परतला. सत्तावीस हजार माणसे लोटली. आणि त्यानंतर काही आठवड्यांतच महापालिकेने व धर्मादाय संस्थेने आपापला वाटा वॉस्प्स या रग्बी क्लबला विकला. हा क्लब कॉव्हेंट्रीचा नव्हे, बाहेरून आणलेला. दोन्ही वाट्यांचे मिळून सुमारे ५५ लाख पौंड. कंपनीच्या डोक्यावर १ कोटी ४४ लाखांचे कर्ज होते हे खरे, पण त्याबरोबर २५० वर्षांचा भाडेपट्टाही मिळाला. अडीचशे वर्षे! आपल्याकडे अडीचशे वर्षांपूर्वी पेशवाई होती. निवडून आलेल्या नगरसेवकांनी आपल्या दहा पिढ्यांचा निर्णय एका कागदावर उरकला.

पुढे क्लब पुन्हा गावाबाहेर गेला, २०१९ ते २०२१ बर्मिंगहॅमला. परत आला तर २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतले रग्बीचे सामने त्याच मैदानावर ठेवले गेले. हिरवळीची अशी वाट लागली की क्लबला घरचे पहिले सामने पुढे ढकलावे लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये वॉस्प्स बुडाले. स्टेडियम १ कोटी ७० लाख पौंडांना माइक ॲशली यांच्या फ्रेझर्स ग्रुपकडे गेले आणि डिसेंबरात क्लबच्या हाती जागा खाली करण्याची नोटीस! पुढे तडजोड झाली, जानेवारी २०२३ मध्ये डग किंग यांनी क्लब घेतला आणि आता स्टेडियमही. इथवर आलो.

आता मुद्दा. या गोष्टीतला खलनायक कोण, असे विचारले की सगळे सिसूकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. सिसू येण्याआधीच मैदान गेले होते. ते विकणारे संचालक क्लबचे आपलेच होते. दुसऱ्यांदा विकणारी महापालिका लोकांनी निवडलेली, आणि तिच्या जोडीला चक्क धर्मादाय संस्था. खासगी, सरकारी, धर्मादाय... तिन्ही तऱ्हेचे मालक झाले आणि तिघांनीही विकले. तेव्हा 'खासगी मालक वाईट, सरकारी चांगला' किंवा त्याच्या उलट, हा वादच फोल आहे. मैदान क्लबपासून तोडून विकता येत होते, हा खरा दोष. तो ऑगस्ट २०२५ च्या खरेदीने गेलेला नाही. हायफिल्ड रोडसुद्धा क्लबच्या मालकीचेच होते की!

आपल्याकडे देवस्थान इनामाच्या जमिनी असतात. जमीन देवाच्या नावाची. पुजारी ती कसतो, उत्पन्न खातो, देवाची पूजाअर्चा करतो. पण तो वहिवाटदार, मालक नव्हे. त्याला अडचण आली म्हणून जमीन विकता येत नाही, कारण ती त्याची नाहीच. कोणी म्हणेल, देवस्थानच्या जमिनीही बळकावल्या जातात. जातात ना! पण निदान ती चोरी ठरते, कोर्टात दाद मागता येते. कॉव्हेंट्रीत जे जे झाले ते सगळे कायदेशीर होते. सिसूने महापालिकेच्या कर्जाविरुद्ध वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या केल्या आणि हरले. कायदा मोडलाच नव्हता कोणी. लोकांनी दाद मागायची तरी कशाविरुद्ध?

हे इंग्लंडमध्ये अशक्य आहे असे नाही. लंडनच्या चेल्सी क्लबचे मैदान एकेकाळी बिल्डरांच्या घशात जाता जाता वाचले. पुन्हा ती वेळ नको म्हणून तिथल्या समर्थकांनी शंभर-शंभर पौंडांचे शेअर घेऊन कंपनी केली आणि १९९७ पासून मैदानाची जमीन तिच्या नावावर आहे. एका माणसाला शंभराहून जास्त मते नाहीत. वर अट अशी की क्लब दुसरीकडे गेला तर 'चेल्सी' हे नाव नेता येणार नाही. २०११ मध्ये अब्रामोविचसारख्या अब्जाधीशाने ती जमीन परत मागितली. लागत होती ७५ टक्के मते, मिळाली ६२ टक्क्यांच्या आत. जमीन राहिली. म्हणजे कुलूप लावता येते, आणि ते टिकतेही.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये फुटबॉलचा नवा कायदा झाला. मैदान विकायचे किंवा गाव सोडायचे तर आता स्वतंत्र नियामकाची परवानगी लागेल. चांगलेच झाले. पण परवानगी लागते याचा अर्थ ती मिळूही शकते. नियामक हा सरकारी माणूस, तो गावचा नसतो.

एक आक्षेप नेहमी येतो. जमीन गहाण ठेवता आली नाही तर कर्ज देणार कोण? माझे उत्तर: येणाऱ्या उत्पन्नावर घ्या. तिकिटे, जाहिराती, टीव्हीचे पैसे गहाण ठेवा. पुजारीही पिकावर उसनवारी करतो, देवाच्या शेतावर नाही. उत्पन्नावर कर्ज मिळत नसेल, तर ते स्टेडियम तुमच्या ऐपतीबाहेरचे आहे एवढाच त्याचा अर्थ. आणि करदात्यांचा पैसा लागणार असेल, तर या अटी विटा रचण्याआधी घालाव्यात. मैदान क्लबपासून तोडता येणार नाही, सामन्याच्या दिवसाचे उत्पन्न क्लबचे, शहराला ठरलेला वाटा, आणि विक्रीचा प्रश्न आलाच तर समर्थकांचे मतदान.

आपल्याकडे उलटी तऱ्हा. पुण्यात एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये निघाला, बालेवाडीच्या सरकारी स्टेडियमवर खेळला आणि २०१९ मध्ये बंद झाला. स्टेडियम जागच्या जागी, क्लब गायब. पाहुणा उठून गेल्यासारखा. याउलट कोल्हापूरला पाहा. तालमी-मंडळांचे संघ एकाच शाहू स्टेडियमवर खेळतात. कोणाही एका संघाच्या अध्यक्षाला कर्ज झाले म्हणून ते मैदान विकता येत नाही. आणि पेठापेठांत फुटबॉल अजून जिता आहे.

तेव्हा कॉव्हेंट्रीकरांनी पेढे जरूर वाटावेत. फक्त ते खाताना किंगसाहेबांकडे एक मागणी करावी. साहेब चांगले आहेत असे सगळे म्हणतात, मीही मानते. पण चांगला माणूस म्हातारा होतो, कंटाळतो, विकून जातो, आणि पुढचा कसा निघेल ते कोणी सांगावे? म्हणून ते चांगले आहेत तोवरच जमिनीचा तो अडीचशे वर्षांचा पट्टा समर्थकांच्या कंपनीच्या नावे करून घ्यावा. वाईट मालक आल्यावर अशी मागणी करून उपयोग नसतो. हे कॉव्हेंट्रीइतके दुसऱ्या कुठल्या गावाला ठाऊक असेल?