माहेरची साडी, माहेरची जमीन

१९९१ साली ‘माहेरची साडी’ लागला आणि थिएटरं बायकांनी भरून गेली. अलका कुबल यांच्या त्या सोशिक लेकीवर जाणकारांनी नाकं मुरडली; मला मात्र पदराने डोळे पुसणाऱ्या बायकांचंच पटतं. त्यांच्या घरी दूध आधी भावाच्या पेल्यात पडायचं, धाकटं भावंड सांभाळायला शाळा सुटायची ती ताईची. रडायला जागा मिळाली ती तीन तासांच्या अंधारात. पुढे १९९४ साली राज्याने, तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. पण हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावणं यायचं ते बहिणीलाच, आणि बदल्यात भाऊबीजेची साडी! हा निव्वळ अन्याय होता, आणि तो अजून थांबलेला नाही.