काळ्या पट्टीवरचे पांढरे डाग

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या दुकानातील एका मुलाने स्वतःहून घरची मोटार धुतली आणि तिला मेणाचे पॉलिश लावले. पत्रा आरशासारखा चमकू लागला. मात्र दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी पाहतो तो बंपरच्या आणि दारांच्या खालच्या काळ्या प्लास्टिक पट्ट्यांवर सर्वत्र पांढरट फराटे! सासरे संतापले. "पट्ट्या नव्या बसवा आणि खर्च याच्या पगारातून कापा," असे ते म्हणाले. मुलगा खाली मान घालून एवढेच बोलला, "वहिनी, मी मनापासून केले होते." नुकसान कायमचे आहे की नाही, हे पाहण्यापूर्वीच शिक्षा ठरली होती. मी एका दिवसाची मुदत मागून घेतली.

वाचकहो, प्रथम हा डाग का पडतो ते समजून घेऊ. मोटारीचा पत्रा रंगवलेला व गुळगुळीत असतो, त्यामुळे त्यावर वाळलेले मेण फडक्याने सहज निघते. काळ्या पट्ट्या मात्र बहुधा रंग न दिलेल्या, खरबरीत पोताच्या प्लास्टिकच्या असतात. पॉलिश त्या पोताच्या बारीक खाचांत शिरते आणि वाळल्यावर पांढरे दिसते. पुष्कळ पॉलिशांत घासण्यासाठी बारीक पांढरी पूडही असते. ती तेथेच अडकून राहते.

उन्हाने विटलेली पट्टी निराळी. ऊन लागणाऱ्या भागावर ती सरसकट करडी होते. मेणाचा डाग पत्र्याच्या कडेला लागून, हात फिरला त्या दिशेने आणि खाचांत साचलेला असतो. हा भेद ओळखल्याशिवाय घासू नये. विटलेली पट्टी घासून काळी होत नाही.

उपाय सौम्यापासून सुरू करावा. गाडी सावलीत, पट्टी थंड असताना काम हाती घ्यावे. शेजारच्या रंगावर कागदी चिकटपट्टी लावावी, म्हणजे तेथील मेण टिकते व रंगाला ओरखडे पडत नाहीत. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून मऊ दातब्रशने पोताच्या दिशेने हलके घासावे, धुवावे आणि कोरडे होऊ द्यावे. ही शेवटची पायरी विसरू नये. ओल्या पट्टीवर डाग दिसेनासा होतो व काम झाले असे वाटते. वाळल्यावर तो पुन्हा उमटतो.

लहान डाग उरले असतील तर मुलांच्या दप्तरातील पांढरा खोडरबर घ्यावा. त्याने मेण गोळा होऊन रबराच्या कणांबरोबर निघून येते. तरीही राहिले तर औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समभाग मिसळून फडक्यावर घ्यावे, आधी आडोशाच्या जागी वापरून पाहावे आणि मगच डाग पुसावा. हे द्रव्य ज्वालाग्राही आहे. जवळ दिवा, उदबत्ती असू नये. हट्टी डागावर केस वाळवण्याचे यंत्र वीतभर अंतरावरून सतत हलवत फिरवावे. मेण वितळवायचे नाही, केवळ मऊ करून लगेच फडक्याने टिपायचे आहे.

पेट्रोल, थिनर, तारेचा ब्रश ही साधने निषिद्ध समजावीत. खिडकीच्या रबरी कडांना खनिज तेले लागू देऊ नयेत. त्यांनी रबर फुगते. खाद्यतेल चोळण्याचा सल्लाही कोणी देतात. त्याने डाग काही दिवस झाकला जातो, पण वर धूळ बसते.

मेणाविषयी एक गोष्ट आपल्या वाचकांसाठी. बाजारातील काही पॉलिशांत मधमाशांचे मेण असते. ज्या घरांत मध वर्ज्य आहे, त्यांनी घेण्यापूर्वी डब्यावरील मजकूर वाचावा, मजकूर नसेल तर विचारावे. कार्नौबा हे मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते. ते सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते, तर मधमाशांचे मेण ६२ ते ६४ अंशांना. कार्नौबा मेण मधमाशांच्या मेणापेक्षा अधिक कठीणही असते. पॅराफिनसारखी खनिज मेणेही असतात.

पुढील वेळी पॉलिश लावण्यापूर्वीच काळ्या पट्ट्यांच्या कडेने चिकटपट्टी लावावी, पॉलिश थोडेच घ्यावे आणि सांडलेला थेंब ओला असतानाच टिपावा. पाच मिनिटांची ही तयारी तासाभराचे घासणे वाचवते.

आमच्या पट्ट्या साबण, खोडरबर आणि शेवटी दोन जागी अल्कोहोलने दीड तासात पूर्ववत झाल्या. अर्धे काम त्या मुलानेच केले. खर्च जवळजवळ काही झाला नाही. संध्याकाळी सासऱ्यांनी त्याला बोलावून, "बाळ, मी घाई केली," असे सांगितले आणि पगार पूर्ण दिला. यंदा दसऱ्यापूर्वी चिकटपट्टीचे रीळ त्यांनी स्वतः आणून ठेवले आहे.