गल्ला भरलेला असताना बदललेला बॉण्ड

लंडन पॅव्हेलियन चित्रपटगृहात ५ ऑक्टोबर १९६२ रोजी ‘डॉ. नो’ या पहिल्या बॉण्डपटाचा पहिला खेळ झाला. ही तारीख आता जेम्स बॉण्ड दिन म्हणून साजरी होते. इऑन प्रॉडक्शन्सने तेव्हापासून २५ बॉण्डपट काढले आणि सहा नट बॉण्ड झाले. बंदुकीच्या नळीतून दिसणारी आकृती, मॉन्टी नॉर्मन यांची धून, आडनाव आधी सांगण्याची ढब या ठरलेल्या गोष्टींमुळे मालिका टिकली, असे सर्रास म्हटले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. निर्मात्यांनी याच गोष्टींना वेळ येताच हात घातला, आणि तोही तिकीटखिडकी ओसंडत असताना. या मालिकेचे मोठेपण आम्हाला तिथे दिसते.

‘डाय अनदर डे’ने २००२ मध्ये आधीच्या सर्व बॉण्डपटांहून अधिक रक्कम कमावली. पडद्यावर मात्र अदृश्य होणारी मोटार धावत होती आणि माणूस यंत्रांखाली दबला होता. तेव्हाचे बॉण्ड पिअर्स ब्रॉस्नन यांना घेऊन तसाच पुढचा चित्रपट काढणे सोपे होते. इऑनचे सहसंस्थापक अल्बर्ट ब्रॉकली यांची कन्या बार्बरा आणि सावत्र मुलगा मायकेल विल्सन यांनी ते टाळले. इयन फ्लेमिंग यांच्या १९५३ सालच्या पहिल्याच कादंबरीकडे, ‘कसिनो रोयाल’कडे, ते वळले. डॅनियल क्रेग यांचे नाव जाहीर होताच चाहते खवळले. सोनेरी केसांचा बॉण्ड त्यांना सहन होईना.

२००६ चा तो चित्रपट आजही पाहावा. नळीचे दृश्य सुरुवातीला नाही, कृष्णधवल प्रसंगानंतर येते. मार्टिनी कशी हवी, या प्रश्नाला बॉण्ड फटकारून उत्तर देतो. आणि ती धून? तिच्यासाठी प्रेक्षकाला दोन तासांहून अधिक थांबावे लागते. प्रेम, विश्वासघात आणि मृत्यू यांतून गेल्यावर अखेरच्या क्षणी तो आपले नाव सांगतो, तेव्हा ती पुरती वाजते. इतक्या वर्षांच्या सवयीची धून त्या दिवशी कमावलेली वाटली. कथा नव्याने सुरू झाली, तरी बॉण्डच्या वरिष्ठ ‘एम’च्या खुर्चीत ब्रॉस्नन यांच्या काळातल्या जुडी डेंचच राहिल्या. त्याचा खुलासा चित्रपटाने दिला नाही.

परंपरा ओढूनताणून आणली की काय होते, हे ‘स्पेक्टर’ने २०१५ मध्ये दाखवले. जुना वैरी ब्लोफेल्ड बॉण्डचा मानलेला भाऊ निघाला आणि दोघेही खुजे झाले.

‘नो टाइम टू डाय’मध्ये बॉण्ड मेला, आणि श्रेयनामावलीच्या शेवटी तो परत येणार असल्याचे वचन नेहमीप्रमाणे झळकले. ते पाळण्याची जबाबदारी आता वेगळ्या हातांत आहे. सर्जनशील निर्णयांचा ताबा फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉन एमजीएमकडे जाण्याचे ठरले आणि पुढे दिग्दर्शनासाठी डेनी विलनव्ह यांची निवड झाली. ब्रॉकली कुटुंबाने चित्रपटांमध्ये सहा-सहा वर्षांचे अंतरही पडू दिले होते. तेवढीच सबुरी नव्या सूत्रधारांनी दाखवावी. फ्लेमिंग यांची पुस्तके पुन्हा उघडायला विलनव्ह यांना वेळ द्यावा, आणि घरबसल्या पाहायच्या उपमालिकांचा रतीब घालण्याआधी बॉण्ड मोठ्या पडद्यावर आणावा.