मुठीएवढा परगणा

इंग्लंड म्हटले की लोक लंडनच्या गोष्टी सांगतात. मला मात्र त्या देशात ओढ आहे ती रटलंडची. लंडनच्या उत्तरेस शंभरेक मैलांवरचा हा परगणा. लांबी अठरा मैल, रुंदी सतरा. मेंढ्यांची कुरणे, पिवळसर दगडांची घरे आणि शहरे म्हणावीत अशी दोनच, ओकहॅम व अपिंगहॅम. २०२१ च्या शिरगणतीत वस्ती भरली अवघी ४१ हजार!

पण ऐट पाहा. ओकहॅमच्या गढीत बाराव्या शतकातला दिवाणखाना आहे. परगण्यात पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येक उमरावाने तिथे एक नाल द्यायचा, असा रिवाज. राजेराण्याही यातून सुटल्या नाहीत. एलिझाबेथ राणीने १९६७ साली आपला नाल दिला. असे दोनशेहून अधिक नाल भिंतींवर आहेत, तेही टोके खाली करून. का, तर खोबणीत सैतानाने बस्तान मांडू नये म्हणून!

अशा परगण्याला सरकारने एप्रिल १९७४ मध्ये शेजारच्या लेस्टरशरच्या पोटात घातले. कारभाराला लहान पडतो, एवढाच त्याचा गुन्हा. त्याच सुमारास पीटरबरोसारख्या वाढत्या शहरांची तहान भागवण्यासाठी ग्वॉश नदीला बांध पडला. नेदर हॅम्बल्टन हे खेडे पाण्याखाली गेले. नॉर्मंटनचे देऊळही जायचे, पण लोकांनी ते वाचवले: खालचा अर्धा भाग दगडांनी भरून काढला, वर नवी जमीन केली आणि भोवती भराव घातला. आता ते पाण्यावर तरंगल्यासारखे दिसते. पाण्यात अर्धे बुडालेले देऊळ पाहून कोणाला हळहळ वाटणार नाही?

गंमत पुढेच आहे. बांधकाम चालू असताना त्या तळ्याला म्हणत एम्पिंगहॅम जलाशय. पुढे नाव पडले रटलंड वॉटर. ज्या पाण्याने खेडे गिळले, त्यानेच कारभाराच्या कागदांवरून पुसलेल्या परगण्याचे नाव जिवंत ठेवले. रटलंडकर स्वस्थ बसले नाहीत, हे सांगायला नकोच. एप्रिल १९९७ मध्ये त्यांचा कारभार त्यांना परत मिळाला.

डिसेंबर २०२४ मध्ये मात्र इंग्लंडच्या सरकारने नवी श्वेतपत्रिका काढली. तीत स्थानिक कारभाराचे माप सांगितले आहे साधारण पाच लाख वस्तीचे. रटलंडकडे आहेत ४१ हजार माणसे आणि भिंतभर नाल.