शेतातली रेंज कोणी मोजली?

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. तलाठ्याचे काम शेतकऱ्याच्या गळ्यात! बांधावरून फोटो काढा, नोंद करा. पण रेंज?

रत्नागिरीत सह्याद्रीचे फाटे समुद्रापर्यंत उतरतात. मनोरा माथ्यावर, वाडी दरीत. लहरी डोंगराआड अडतात. आपल्या कापूस-ज्वारीच्या मुलखात डोंगर कमी, पण मनोरे लांब लांब. मनोरा २० वॅट किंवा त्याहून जास्त ताकदीने बोलतो, फोन जेमतेम ०.२ वॅटने. पडद्यावरच्या दांड्या मनोऱ्याचा जोर दाखवतात, फोनचा नव्हे. म्हणून दांड्या दिसतात आणि फोटो जात नाही. बोलायला सेकंदाला १२-१३ हजार बिट पुरतात. फोटोला लाखो लागतात. तो तुकड्यातुकड्यांनी जातो, हरवलेला तुकडा पुन्हा पाठवावा लागतो. तोवर बॅटरी संपते.

जुलै २०२२ मध्ये केंद्राने २४,६८० गावांत फोर-जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले. पण गाव म्हणजे नुसते गावठाण नव्हे. कापूस गावठाणात पिकत नाही! रेंजची मोजणी शिवारात, खरिपात, फोटो पाठवूनच झाली पाहिजे. आणि जिथे फोटो जात नाही, तिथली नोंद कर्मचाऱ्याने बांधावर येऊन करावी. येत्या बैठकीला आपापल्या शिवारातले रेंज नसलेले गट नंबर लिहून आणा.