मनोरे पाडण्याआधीची धान्यकोठी

आंबिवलीच्या शाळांत मी उभी हयात इतिहास शिकवला. पाठ्यपुस्तकात स्वातंत्र्य दिल्लीच्या वाटाघाटींतून येतं. आपल्याच ठाणे जिल्ह्यातला, मुरबाड तालुक्यातला सिद्धगड मात्र मुलांना ठाऊक नसतो. याची मला खंत आहे.

या सिद्धगडाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, ते भाई कोतवाल माथेरानचे. नाभिक कुटुंबातला हा मुलगा वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. पावसाळ्यात घरातलं भात संपलं की शेतकरी सावकाराच्या दारात जायचा आणि कर्जात बुडायचा. कोतवालांनी धान्यकोठ्या काढल्या. गरजेला भात न्यायचं, सुगीला परत करायचं. मला हे काम पुढच्या धाडसाइतकंच मोठं वाटतं. १९४२मध्ये इंग्रजांविरुद्ध लढणारा कोतवालांचा भूमिगत गट, 'आझाद दस्ता', उभा राहिला तेव्हा गावं त्यांच्या पाठीशी का राहिली, याचं उत्तर या कोठ्यांत आहे.

दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. तेव्हा दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. गिरण्या आणि रेल्वे त्याच विजेवर चालत. साम्राज्याची नाडी या पोरांनी बरोबर ओळखली होती. २ जानेवारी १९४३ला पहाटे पोलिसांनी सिद्धगडावर त्यांना गाठलं. दस्त्यातले हिराजी पाटील आणि भाई कोतवाल हुतात्मा झाले. भाई अवघे तीस वर्षांचे होते.

दर २ जानेवारीला तिथे लोक अभिवादनाला जमतात. कल्याण तालुक्यातल्या प्रत्येक शाळेने नववीची मुलं तिथे न्यावीत. आणि त्यांना मनोऱ्यांच्या आधी धान्यकोठीची गोष्ट सांगावी.