कच्च्या रस्त्यांची निगा

रस्ता एकदा बांधला म्हणजे कर्तव्य संपले, अशी समजूत सरकारदरबारी फार दिवसांपासून रूढ आहे. खेड्यांतील मातीमुरुमाच्या रस्त्यांपुरती तरी ती घातक आहे, असे आम्हांस वाटते.

1943 साली नागपूर येथे मुख्य अभियंत्यांची परिषद भरून रस्त्यांचे वर्ग ठरले. राष्ट्रीय मार्ग पहिला, ग्रामीण मार्ग शेवटचा. 2000 साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना निघाली. रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारानेच तो पाच वर्षे सांभाळावा, ही तीतील अट शहाणपणाची होय. 2021 साली महाराष्ट्र सरकारने शेतरस्ते व पाणंदी यांकरिता निराळी योजना काढली, तीही स्तुत्यच. परंतु डांबर न पडलेल्या रस्त्याची निगा दरवर्षी कोणी व कोणत्या पैशातून राखावयाची, हा प्रश्न कितीतरी गावी अनुत्तरितच राहतो.

कच्च्या रस्त्याचा खरा वैरी पाणी होय. रस्ता मध्ये उंच व कडांस उतरता असला, बाजूचे चर मोकळे असले व मोरी तुंबलेली नसली, म्हणजे पाणी निघून जाते. यांत कसूर झाली, की ते चाकोरीत साचते, मुरूम वाहून जातो आणि काळ्या जमिनीत तर पायही उचलत नाही. मग मुले शाळेस मुकतात व आजाऱ्यास झोळीत घालून न्यावे लागते. वैशाखात चार मजुरांनी जे साधते, ते श्रावणात गाड्यांनी मुरूम ओतूनही साधत नाही.

सगळेच रस्ते डांबरी करा, असे कोणी म्हणतील. पण चर तुंबल्यास डांबर तरी कोठे टिकते? पूर्वी सरकारी सडकेच्या ठराविक तुकड्याची काळजी मैलमजूर वाहत असे. त्याच धर्तीवर प्रत्येक ग्रामपंचायतीस केवळ निगेकरिता वार्षिक रक्कम मिळावी. ती मृग नक्षत्रापूर्वी गावच्याच मजुरांकरवी खर्ची पडावी व तिचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. नव्या बांधकामाकडे ती वळविण्याची मुभा मात्र कोणासही नसावी.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येक उद्या अभियंते व अधिकारी होतील. नव्या रस्त्याचे उद्घाटन करण्यापूर्वी जुन्याचा चर उपसला आहे काय, एवढे त्यांनी अवश्य विचारावे.